नोकरी-धंद्यासाठी घेतलेल्या शिक्षणाचा खर्च इन्कम टॅक्समध्ये कसा दाखवायचा

फेब्रुवारीच्या पगारबिलाआधी शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या ऑफिसात कर गणनेचे तक्ते फिरू लागतात. जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, त्या दिवसांत एक प्रश्न हमखास निघतो. नोकरी सांभाळून एम.एड. केलं, विद्यापीठात पीएच.डी.ची फी भरली, नर्सबाईंनी पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं, तर हा पैसा कुठल्या रकान्यात टाकायचा?

पगारदारांसाठी याचं उत्तर आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं. स्वतःच्या शिक्षणासाठी खिशातून भरलेल्या फीची थेट वजावट आपल्या आयकर कायद्यात नाही. पगारातून काय वजा होतं ते कलम १६ सांगतं, आणि त्यात तीनच गोष्टी आहेत: प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन), सरकारी कर्मचाऱ्यांचा करमणूक भत्ता आणि व्यवसाय कर. नोकरीसाठी केलेला कोर्स, घेतलेली पुस्तकं, परीक्षेसाठी पुण्या-नाशिकला केलेल्या खेपा यांना त्यात जागा नाही. बचत-गुंतवणुकीच्या वजावटीचं जे कलम ८०-सी, त्यात ट्यूशन फी आहे, पण ती मुलांची. स्वतःची किंवा बायकोची नाही. तरीही दरवर्षी कितीतरी शिक्षक स्वतःच्या बी.एड.ची पावती ८०-सी मध्ये लावतात, क्लार्कच्या नजरेतून ती सुटते आणि पुढे तपासणीत अडकते.

खरे मार्ग तीन आहेत. शिक्षण कर्ज काढून केलं असेल तर त्याचं व्याज, मालकाने फी भरली असेल तर ती, आणि स्वतःचा धंदा वा व्यवसाय असेल तर त्याच्या हिशोबातला खर्च. पण त्याआधी एक आकडेमोड करावीच लागते.

आधी जुनी की नवी, ते ठरवा

२०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते. नव्या प्रणालीत ८०-सी नाही आणि ८०-ई म्हणजे शैक्षणिक कर्जाचं व्याजही नाही. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर रिबेटमुळे, म्हणजे करातच मिळणाऱ्या सवलतीमुळे, कर शून्य होतो, आणि पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट वेगळी मिळते. म्हणजे ज्याचं उत्पन्न फक्त पगाराचं आहे आणि एकूण पगार १२ लाख ७५ हजारांच्या आत आहे, त्याने शिक्षणाच्या पावत्या गोळा करत बसायची गरज नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांमधले बरेच शिक्षक, ग्रामसेवक, परिचारिका याच गटात येतात. त्यांनी नवी प्रणाली घ्यावी आणि मोकळं व्हावं.

त्यापुढच्या पगाराला हिशोब मांडावा लागतो. समजा भुसावळला नोकरी करणाऱ्या अभियंत्याचा वर्षाचा पगार १६ लाख आहे. नव्या प्रणालीत ७५,००० वजा जाता १५,२५,००० उरतात. त्यावर कर १,०८,७५०, त्यात ४ टक्के उपकर धरून १,१३,१०० रुपये. आता जुन्या प्रणालीत त्याच्याकडे काय काय आहे ते पाहू: प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, ८०-सी चे पूर्ण १,५०,०००, राहत्या घराच्या कर्जाचं व्याज २,००,०००, आणि मुलीच्या शैक्षणिक कर्जाचं व्याज २,५०,०००. बेरीज ६,५२,५००. करपात्र उत्पन्न ९,४७,५००, कर उपकरासह १,०६,०८०.

म्हणजे घराचं कर्ज, पूर्ण ८०-सी आणि अडीच लाखांचं शैक्षणिक व्याज एवढं सगळं असून फरक पडला ७,०२० रुपयांचा. घरकर्ज नसतं, तर जुनी प्रणाली तोट्याचीच ठरली असती. १६ लाखांच्या पगाराला जुनी प्रणाली परवडायला एकूण वजावटी साधारण ६ लाख १९ हजारांच्या वर जायला लागतात. ८०-ई ला कमाल मर्यादा नाही हे ऐकून लोक हुरळून जातात, पण हा आकडा आधी ओलांडला जातो का ते पाहा. आयकर खात्याच्या पोर्टलवर दोन्ही प्रणालींची तुलना करणारा कॅल्क्युलेटर आहे. लॉगिन न करताही तो वापरता येतो.

शैक्षणिक कर्जाचं व्याज: ८०-ई

नोकरी करताना घेतलेल्या शिक्षणासाठी पगारदाराच्या हातात असलेली खरी वजावट हीच. बारावी किंवा तत्सम परीक्षेनंतरचा कुठलाही मान्य अभ्यासक्रम यात बसतो. पदवी, पदविका, एम.बी.ए., नर्सिंग, आयटीआय नंतरचा तांत्रिक कोर्स, इतकंच काय परदेशातलं शिक्षणही. अट एवढीच की बारावी ज्या बोर्डातून झाली, त्याला सरकारची मान्यता हवी.

शिक्षण कोणाचं चालतं? स्वतःचं, नवऱ्याचं किंवा बायकोचं, मुलांचं, आणि ज्याचे तुम्ही कायदेशीर पालक आहात त्या विद्यार्थ्याचं. इथे आपल्या घरांमध्ये हमखास गोंधळ होतो. लग्नानंतर सुनेला डी.एल.एड. किंवा बी.एड. करायला सासरे कर्ज काढतात, मोठा भाऊ धाकट्याच्या इंजिनिअरिंगचे हप्ते भरतो. भावना कितीही चांगली असली तरी सून, भाऊ, बहीण, पुतण्या ८०-ई मध्ये बसत नाहीत. सुनेच्या शिक्षणाचं कर्ज मुलाच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, नावावर घ्या आणि व्याज त्याच्याच खात्यातून भरा. मग त्याला वजावट मिळते.

कर्ज कोणाकडून घेतलं हेही तितकंच महत्त्वाचं. कायद्याला बँक, केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेली वित्तीय संस्था किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्था चालते. पतसंस्था चालत नाही. खान्देशात ही अडचण फार मोठी आहे, कारण इथे नोकरदाराला सगळ्यात लवकर कर्ज मिळतं ते त्याच्या पतपेढीतून. कागदपत्रं कमी, हप्ता थेट पगारातून. पण त्या कर्जाचं व्याज ८०-ई मध्ये दाखवता येत नाही, मग ते पैसे खरोखर कॉलेजच्या फीत गेले असले तरी. भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम, सोनं गहाण ठेवून घेतलेलं कर्ज, नातेवाइकाकडून घेतलेले पैसे यांचंही तेच. नागरी सहकारी बँकेच्या कर्जावर तपासणीत वाद उभा राहू शकतो, म्हणून निवड हातात असेल तर राष्ट्रीयीकृत किंवा मोठी खासगी बँक घ्या आणि मंजुरीपत्रावर कर्जाचा उद्देश 'उच्च शिक्षण' असा स्वच्छ लिहून घ्या. 'वैयक्तिक कर्ज' एवढंच लिहिलेलं असेल तर पुढे पटवून देणं अवघड जातं.

वजावट फक्त व्याजाची, मुद्दलाची नाही. तीही त्या आर्थिक वर्षात प्रत्यक्ष भरलेल्या व्याजाची. कोर्स चालू असताना बँक व्याज लावत राहते, पण तुम्ही ते भरलं नसेल तर त्या वर्षी काही मिळत नाही. सरकारी व्याज अनुदान योजनेतून बँकेला मिळालेलं व्याजही तुमचं नाही, ते वगळा.

आणि आठ वर्षांची मुदत. ज्या वर्षी तुम्ही व्याज भरायला सुरुवात करता, ते पहिलं वर्ष आणि पुढची सात. त्याआधी कर्ज फिटलं तर तिथेच थांबायचं. २०२५-२६ मध्ये पहिल्यांदा व्याज भरलं असेल तर शेवटची वजावट २०३२-३३ या आर्थिक वर्षाची. ही मोजणी वजावट घेतली की नाही यावर थांबत नाही. मुलगा शिकत असताना वडिलांनी दर महिन्याला थोडं थोडं व्याज भरलं आणि त्या वर्षी नवी प्रणाली निवडली, तरी वर्ष मोजलं गेलं. कर्ज पंधरा वर्षांचं असेल तर शेवटच्या सात वर्षांच्या व्याजाला काही मिळणार नाही. तसं हप्त्यातला व्याजाचा मोठा वाटा सुरुवातीच्या वर्षांत असतो, त्यामुळे जुनी प्रणाली घ्यायची असेल तर तिचा उपयोगही त्याच वर्षांत जास्त.

बाप-लेक दोघं सहकर्जदार असतील तर ज्याने ज्याच्या खात्यातून व्याज भरलं, त्याने तेवढं दाखवावं. एकच व्याज दोघांनी दाखवायचं नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शाखेत जाऊन किंवा नेट बँकिंगमधून व्याजाचं प्रमाणपत्र घ्या. त्यावर मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवलेलं आहे ना, कालावधी १ एप्रिल ते ३१ मार्च आहे ना, सहकर्जदार म्हणून तुमचं नाव आहे ना, हे काउंटरवरच तपासा. नुसता खातेउतारा पुरत नाही, कारण त्यात बँकेने लावलेलं व्याज दिसतं, तुम्ही भरलेलं नाही.

मालकाने फी भरली तर

खासगी कंपनीत असाल तर हा मार्ग सगळ्यात सोपा, आणि दोन्ही प्रणालींत चालतो. कामाशी संबंधित प्रशिक्षण किंवा उजळणी अभ्यासक्रमाची फी, राहण्या-जेवणाचा खर्च धरून, कंपनीने भरली तर ती तुमच्या पगारात करपात्र सुविधा म्हणून धरली जात नाही. मुळात ते तुमचं उत्पन्नच नाही, म्हणून वजावट मागायचा प्रश्न येत नाही.

बिघडतं ते रक्कम देण्याच्या पद्धतीत. कंपनीने 'शिक्षण भत्ता' म्हणून दर महिन्याला पगारात पाच हजार वाढवले तर तो सरळ पगार, पूर्ण करपात्र. त्याऐवजी कोर्ससाठी कंपनीचं पत्र घ्या, त्यात तुमचं काम आणि कोर्सचा संबंध एका वाक्यात लिहिलेला असू द्या. संस्थेचं बिल कंपनीच्या नावाने निघू द्या आणि पैसे कंपनीच्या खात्यातून थेट संस्थेकडे जाऊ द्या. जळगाव एमआयडीसीतला सुपरवायझर यंत्रं चालवणारं पीएलसी प्रोग्रॅमिंग शिकतो, ते यात बसतं. त्याच सुपरवायझरने मालकाच्या पैशाने एलएल.बी. केलं, तर ती नोकरीची गरज होती हे दाखवणं जवळपास अशक्य.

महाविद्यालयात वा संशोधन संस्थेत असाल आणि अभ्यास, संशोधन किंवा प्रशिक्षणासाठी खास भत्ता मिळत असेल, तर प्रत्यक्ष खर्च झाला तेवढा भत्ता करमुक्त आहे, पण फक्त जुन्या प्रणालीत. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती किंवा पीएच.डी.ची अधिछात्रवृत्ती कलम १०(१६) खाली करमुक्त असते. तिला प्रणालीचं बंधन नाही.

दुकान, दवाखाना, वकिली

ज्याचा धंदा किंवा व्यवसाय आहे, त्याला स्वतःच्या कोर्सचा खर्च हिशोबात धरता येतो. कलम ३७(१) च्या कसोट्या तीन: खर्च पूर्णपणे धंद्यासाठी हवा, खासगी नको, भांडवली नको. जुनी-नवी प्रणालीचा इथे संबंध नाही.

शहादा, दोंडाईचा, चोपडा, रावेर इकडच्या कृषी सेवा केंद्रांचं उदाहरण घ्या. कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला शैक्षणिक पात्रता लागते, म्हणून बरेच दुकानदार निविष्ठा विक्रेत्यांसाठीचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम करतात, ज्याला सगळे 'देसी' म्हणतात. दुकान आधीपासून चालू आहे आणि कोर्स त्याच दुकानाच्या कामाचा आहे. त्यामुळे फी, पुस्तकं आणि वर्गाला जाण्या-येण्याचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून टिकतो. डॉक्टरने आपल्याच शाखेतल्या कार्यशाळेची फी भरली, वकिलाने जीएसटीचा कोर्स केला, जळगावच्या सराफाने रत्नपारखीचा अभ्यासक्रम केला, तर तेही असंच.

चालू धंदा सुधारण्यासाठी शिकलात तर खर्च मान्य होतो, नव्या धंद्याची पात्रता मिळवण्यासाठी शिकलात तर नाही. किराणा दुकानदाराने डी.फार्म. केलं आणि मग मेडिकल टाकलं, तर ती फी किराणा दुकानाच्या खर्चात बसत नाही. आणि मुलाला फर्मच्या पैशाने बी.फार्म.ला किंवा परदेशी एम.बी.ए.ला पाठवून तो खर्च फर्मच्या नावावर टाकण्याचा उद्योग करू नका. 'पुढे धंदाच सांभाळणार आहे' हे कारण सहसा टिकत नाही, तो बापाचा घरगुती खर्च मानला जातो.

याहून जास्त लोक अडकतात ते अनुमानित कराच्या कलमांत, म्हणजे खर्चाचा हिशोब न मांडता ठरावीक टक्के नफा दाखवायच्या सोयीत. ४४-एडी खाली उलाढालीच्या ८ किंवा ६ टक्के, किंवा ४४-एडीए खाली व्यावसायिकाच्या जमेच्या ५० टक्के नफा दाखवत असाल, तर त्यातच सगळा खर्च धरला गेलेला असतो. कोर्सची फी वेगळी वजा करता येत नाही. ती वजा करण्यासाठी ४४-एडी सोडलं तर पुढची पाच वर्षं परत त्यात येता येत नाही, आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर ऑडिट करून घ्यावं लागतं. वीस-पंचवीस हजारांच्या फीसाठी हा सौदा अजिबात करू नये.

ज्यांच्याकडे पूर्ण वही-खातं आहे त्यांनी फी रोख भरू नये. एका दिवसात एका संस्थेला १०,००० रुपयांच्या वर रोख दिले तर कलम ४०-ए(३) मुळे तो खर्च नामंजूर होतो. पावतीवर फर्मचं नाव घ्या, अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक आणि प्रमाणपत्राची प्रत त्याच फाईलला लावा.

केळी किंवा कापसाच्या शेतकऱ्याने शेतीसाठी कोर्स केला तर? शेतीचं उत्पन्नच करमुक्त, म्हणून त्याविरुद्ध खर्च दाखवून कर वाचत नाही. शेतीच्या कोर्सची फी नोकरीच्या पगारातून तर मुळीच वजा होत नाही.

मुलांच्या फीची पावती

नोकरीशी थेट संबंध नसला तरी याच तक्त्यात ती येते, म्हणून थोडक्यात. दोन मुलांपर्यंत, भारतातल्या शाळा-कॉलेजातलं पूर्णवेळ शिक्षण, नर्सरीसुद्धा चालते. आई आणि वडील दोघं कर भरत असतील तर प्रत्येकाला दोन मुलांची मुभा आहे. पावती ओळीओळीने वाचा. एकूण ८६,००० च्या पावतीत ट्यूशन फी ६१,०००, विकास निधी ९,०००, परीक्षा फी ४,००० आणि बस १२,००० असेल, तर ८०-सी मध्ये ६१,००० च जातात. देणगी, बस, वसतिगृह, अनामत यातलं काही नाही. नीट किंवा एमपीएससीच्या खासगी क्लासची फीही नाही. पावतीवर एकच ठोक रक्कम असेल तर कॉलेजच्या लेखा विभागातून फोड करून घ्या.

रिटर्न भरताना

ऑफिसात वजावटींची माहिती देणारा फॉर्म १२-बीबी भरून व्याजाचं प्रमाणपत्र जोडा म्हणजे टीडीएस कमी कापला जाईल. ते राहून गेलं असेल किंवा ऑफिसने तुम्हाला नव्या प्रणालीत धरलं असेल, तरी पगारदाराला रिटर्न भरताना जुनी प्रणाली निवडता येते. फक्त रिटर्न मुदतीत भरलं पाहिजे. आयटीआर-१ आणि २ साठी २०२५-२६ ची मुदत ३१ जुलै २०२६ आहे. मुदत गेली की जुनी प्रणाली गेली, आणि तिच्याबरोबर ८०-ई सुद्धा. धंद्याचं उत्पन्न असणाऱ्याला जुन्या प्रणालीसाठी फॉर्म १०-आयईए वेगळा भरावा लागतो. एकदा त्यातून नव्यात परत आलात की धंदा चालू असेपर्यंत पुन्हा जुनीत जाता येत नाही.

पोर्टलवर ई-फाइलमध्ये जाऊन कर निर्धारण वर्ष २०२६-२७ (म्हणजे आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नाचं) निवडा. नव्या प्रणालीतून बाहेर पडायचं का, या प्रश्नाला 'होय' म्हणा. हा प्रश्न न वाचता पुढे गेलात तर ८०-ई चा रकाना भरताच येत नाही. मग ८०-ई च्या तक्त्यात बँकेचं नाव, कर्ज खाते क्रमांक, कर्ज मंजुरीची तारीख, एकूण कर्ज, ३१ मार्चची शिल्लक आणि भरलेलं व्याज लिहा. नुसता आकडा टाकून आता भागत नाही. ट्यूशन फीसाठी ८०-सी च्या तक्त्यात पावती क्रमांक लागतो. कागद अपलोड करायचे नसतात, पण जपून ठेवायचे असतात. कर्जाचे कागद तर ते फिटल्यावरही काही वर्षं. शेवटी तीस दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय करा.

आर्थिक वर्ष २०२६-२७ च्या उत्पन्नापासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू आहे. त्यात ८०-सी ची जागा कलम १२३ ने आणि ८०-ई ची जागा कलम १२९ ने घेतली आहे. पुढच्या वर्षी फॉर्मवर हे आकडे दिसतील.

नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी कर्मचाऱ्यांना काही जण सांगतात की अनुसूचित जमातीला इन्कम टॅक्स माफ असतो, काही दाखवायचं नाही. कलम १०(२६) ची ती सूट ईशान्येकडच्या ठरावीक भागांतल्या आणि लडाखमधल्या जमातींना तिथल्या उत्पन्नावर आहे. अक्कलकुवा, धडगावच्या कर्मचाऱ्याला ती लागू नाही.

'इतका रिफंड काढून देतो, त्यातले टक्के द्या' म्हणणाऱ्या एजंटापासून लांब राहा. कर्ज नसताना ८०-ई मध्ये रक्कम टाकून रिफंड काढण्याचे प्रकार झाले. आयकर खात्याने १४ जुलै २०२५ ला देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी केली, त्यात ८०-ई सुद्धा होतं. रिटर्नवर नाव तुमचं असतं. खोटी वजावट पकडली गेली तर कर आणि व्याज तर भरावं लागतंच, वर चुकवलेल्या कराच्या २०० टक्के दंड बसू शकतो. एजंट त्यातलं काही भरत नाही. सही करण्याआधी भरलेलं रिटर्न स्वतः उघडून सहाव्या-अ प्रकरणाच्या, म्हणजे ८०-सी, ८०-ई अशा वजावटींचं पान वाचा.

मुदतीत रिटर्न भरलं पण खरं व्याज दाखवायचं राहिलं असेल, तर ३१ डिसेंबरच्या आत सुधारित रिटर्न भरून ते घेता येतं. अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू, या कामी येत नाही, कारण त्यातून कर कमी करता येत नाही किंवा रिफंड वाढवता येत नाही.